मिलिंद, आता गाडीतून उतर

मिलिंद, तू गेलास हे वणी-मुकुटबन रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना अजून पटलेलं नाही. मला पटायलाही वेळच लागला. दवाखान्यात तुला पांढऱ्या चादरीखाली पाहिलं, मुकुटबनला तुला खांदा दिला, वहिनींशी काय बोलावं ते न सुचून त्यांच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे बघत बसलो, तेव्हा कुठे पटलं. ट्रकवाल्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. त्यांनी तुला फक्त गाडीत बसलेलं पाहिलंय, आणि त्यांच्या लेखी तू अजून तिथंच आहेस.

लोक विचारतात, तुम्ही दोघं इतके वेगळे, मग जमलं कसं? मी महागावकडचा, सोयाबीन-कपाशीवाल्या घरातला. तू मुकुटबनचा, लोकांच्या शेतात कापूस वेचणाऱ्या मायचा लेक. यवतमाळला एका खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, एकाच वेळी करखात्यात लागलो, आणि तेव्हापासून आपण भांडतच आलो. जमायला आणखी काय लागतं? मी कागदाचा माणूस. खुर्चीवर बसलो की मला बरं वाटतं. तुला खुर्ची चावायची. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तू कार्यालयाच्या फाटकाबाहेर जाऊन कोणता ट्रक किती वाकून चाललाय ते बघत उभा राहायचास.

आपल्या भांडणाचं मूळ ती गाडी. लिहायला बसलो तर सगळं तिथूनच सुरू होतं, म्हणून तिथूनच सांगतो.

कागदावर आपल्याकडे फिरतं पथक होतं. अधिकारी, निरीक्षक, शिपाई, ड्रायव्हर आणि गाडी. त्यातला ड्रायव्हर निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. शिपायाची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलं नाही. बाकीचे निरीक्षक एकेक करून शहरात गेले. उरला तू आणि ती गाडी. मग गाडीचंही वय झालं आणि ती मोडीत काढायचा हुकूम आला, म्हणजे ती आता रस्त्यावर चालवायची नाही. मी तो हुकूम तुला वाचून दाखवला, तर तू हसायला लागलास.

"चालवाची मनाई हाय ना बे? उभी कराची मनाई कुठं लिवली हाय, दाखव मले."

खरंच लिहिलेली नव्हती. तू तुझ्या भावाच्या ट्रॅक्टरला दोर बांधलास आणि ती मेलेली गाडी ओढत मुकुटबन रस्त्याच्या वळणावर नेलीस. तुझ्या भावाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली, रस्त्याकडे तोंड करून उभी केलीस. समोर 'महाराष्ट्र शासन' ही लाल पाटी. आत तू. एकट्या निरीक्षकानं ट्रक अडवायचा नसतो, त्यासाठी पथक लागतं, हेही मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालास, "मी कुठं अडवून राह्यलो? मी बसून राह्यलो. बसाले कोनाची परवानगी लागते?"

आणि तेवढ्यानं काम झालं. तुझ्यासारखा येडपट हिशेब दुसऱ्या कुणाला सुचला नसता. आपल्याकडचा मोठा चोर काही भिंत फोडून येत नाही. तो एका बिलावर कापसाच्या गाठींचा एक ट्रक पाठवतो, आणि बिलाची मुदत संपायच्या आत त्याच बिलावर दुसरा. दुसऱ्याचा कर भरायचाच नाही. रस्त्यावर बघणारं कुणी नसेल तर तिसराही जातो. पण वळणावर गाडी उभी असली की दुसऱ्या फेरीचा ट्रक अलीकडेच, टेकामच्या चहाच्या टपरीशी थांबायचा, तू जाण्याची वाट बघत. ज्याचं बिल चोख तो तुझ्यासमोरून सुसाट जायचा, तू खिडकीतून हात वर करायचास. कोण थांबलंय एवढं बघितलं की चोर कोण ते तुला कळायचं. नंबर टिपून तू दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून टाकायचास, आणि पुढचं काम माझं. टेकामचा धंदा मात्र जोरात चालला. तो म्हणायचा, "मिलिंद साहेबाइच्या किरपेनं घरावर स्लॅब पडला."

तू सुट्टीवर असलास तर गाडीत तुझा कोट असायचा. तो काळपट, कोपरावर विरलेला कोट. ड्रायव्हरच्या सीटला तू तो घालून ठेवायचास, वर टोपी. शेतात बुजगावणं उभं करतात, तसंच. लांबून कुणाला कळायचं नाही की आत मिलिंद आहे की मिलिंदचा कोट. जवळ जाऊन बघायची हिंमत कुणाची नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.

आणि ते दार. ड्रायव्हरच्या बाजूचं दार कधी एकदा लागलंच नाही. एकदा आपटायचं, ते परत उघडायचं, मग दुसऱ्यांदा जोरात. धप्प, आणि मग थोड्या वेळानं धप्प. टेकामच्या टपरीपर्यंत तो आवाज जायचा. दुसरा धप्प ऐकला की ट्रकवाले चहाचे पैसे द्यायला उठायचे, कारण साहेब उतरले, घरी निघाले.

मी या सगळ्याच्या विरोधात होतो, हे तुला माहीत आहे. मी प्रस्ताव लिहीत होतो. नवी गाडी द्या, ड्रायव्हर द्या, दोन निरीक्षक द्या, त्यावर जो खर्च होईल त्याच्या कितीतरी पट मोठ्या लोकांकडून वसूल होईल. वर पाठवला की तो परत यायचा. निधी नाही. पुन्हा लिहायचो. तुला मी तोंडावर म्हटलंय, तुझ्या या जुगाडामुळेच वरचे झोपून आहेत. एकटा माणूस मेलेल्या गाडीत बसून काम करतोय म्हटल्यावर जिवंत गाडीला कोण पैसे देईल? तू चिडायचास.

"तुह्या कागदाले मंजुरी येतवरी ट्रक थांबून राह्यतीन काय रे राऊत? माही माय साबनाची वडी घेते तवा टॅक्स भरते. बिस्किटाचा पुडा घेते तवा भरते. तिले कोनी सूट देते काय? मंग बाबूजीलेच काहून?"

बाबूजी म्हणजे कोण ते इथं वेगळं सांगायला नको, पण हे वाचणारा कुणी परका असेल तर सांगतो. कापसाची सरकी काढणाऱ्या अनेक जिनिंगांचे मालक, वणीत ज्यांच्या शब्दाला वजन, ज्यांची मुलं परदेशात आणि ज्यांचे ट्रक टेकामच्या टपरीशी सगळ्यात जास्त थांबायचे. माणूस वाईट नाही. गावजेवणं घालतो, दवाखान्याला पंखे देतो. तू म्हणायचास, पंखे देते आन दवाखाना खाते. त्या वाक्यावर मी हसलो होतो, आणि तू हसला नव्हतास.

भांडण तिथंच राहिलं. शेवटचं भांडण तुझ्या रक्तदाबावरून झालं. मी म्हटलं, एकटा नको बसूस, काही झालं तर कुणाला कळणारही नाही. तू म्हणालास, "एवढे ट्रकवाले माह्याकडे पाह्यत बसले रायतात. कळन नाई त का होईन?"

सगळे तुझ्याकडेच बघत होते, मिलिंद. तरी कळलं नाही.

वेचणीचे दिवस होते. त्या दिवशी सकाळी तू घरून डबा घेऊन निघालास. डॉक्टर नंतर म्हणाले की दुपार व्हायच्या आतच तुझं हृदय थांबलं असणार. आणि तू गाडीत बसून राहिलास. कोट अंगात, हात स्टिअरिंगवर, तोंड रस्त्याकडे. टेकामकडे ट्रक येत गेले आणि थांबत गेले. दुपार उतरली, सावल्या लांबल्या, तुरीच्या शेतात पाखरं बसायला लागली आणि रांग टपरीच्या मागे वाढत गेली. ड्रायव्हर लोकांनी पत्ते काढले. कुणी शिव्या घातल्या. आज साहेबाचा मुक्काम दिसते, म्हणाले. जवळ कुणी आलं नाही. तू जिवंत असताना जी भीती तुझ्या कामाला आली, तीच त्या दिवशी तुझ्या आणि माणसांच्या मधे उभी राहिली. त्या एका दुपारी तू सगळ्यात जास्त ट्रक थांबवलेस, आणि तेव्हा तू नव्हतास.

टेकामनं मला सांगितलं, "अंधार पडाले आला तरी दाराचा आवाज नाई आला जी. साहेब कदी एवढा वेळ बसत नाईत. मी चहा घेऊन गेलतो. मनलं, साहेब, चा. त थे समोर पाह्यत होते. मले वाटलं माह्यावर रागावले."

खात्याची चालती गाडी नव्हती, माणूस नव्हता. ॲम्ब्युलन्स लांब कुठेतरी होती. शेवटी रांगेतल्या पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं तुला उचललं, केबिनमध्ये आडवं ठेवलं आणि वणीला आणलं. तो ट्रक बाबूजींचा होता. गाठींनी भरलेला, आणि टपरीशी थांबला होता म्हणजे त्याच्याकडे तेच सकाळचं बिल असणार. दुसरी फेरी तुझ्यासमोरून अशी पहिल्यांदा गेली, तुला घेऊन. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. मी तो ट्रक पाहिला, बिल मागितलं नाही. तो ड्रायव्हर रडत होता.

तुझे कपडे, घड्याळ, चष्मा, डबा, सगळं वहिनींना परत मिळालं. कोट मिळाला नाही. टेकाम शपथेवर सांगतो, साहेबांना उतरवलं तेव्हा कोट अंगात होता. ट्रकचा ड्रायव्हर सांगतो, केबिनमध्येही होता. दवाखान्यातले म्हणतात, आमच्याकडे आला नाही. दवाखान्यात वस्तू हरवतात, त्यात नवल नाही. मी तेव्हा तो विषय तिथंच सोडला.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून वणीच्या कार्यालयाच्या मागच्या आवारात आणली. लिलावासाठी तिची चाकंही काढून ठेवली. आता ती विटांवर बसली आहे, माझ्या खिडकीसमोर. कोळशाची धूळ बसते तिच्यावर. थंडीच्या सकाळी मी लवकर येतो तेव्हा सगळ्या गाड्यांच्या काचांवर बाहेरून दव असतं. हिच्या ड्रायव्हरकडच्या काचेवर ते आतून असतं. मी बाहेरून बोट फिरवून पाहिलंय. बोट कोरडंच राहतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बाबूजी आले होते, हे तुला कुणी सांगितलं असणार नाही, म्हणून मी सांगतो. वंदना झाली, लोक जेवायला बसले. ते एका खुर्चीवर टेकले होते, ताटाला हात न लावता. मला जवळ बोलावलं.

"राऊत साहेब, एक बात पूछनी थी. मिलिंद साहेब दुपारी गेले म्हणतात, खरं आहे का?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी तसंच सांगितलं.

"मी संध्याकाळी गेलो तिथून. माझ्या कारमध्ये. ऊन कलतं होतं. मी नेहमीसारखा हात दाखवला. त्यांनी मान हलवली. माझ्याकडे पाहून. मी खोटं नाही बोलणार, त्यांचा फोटो इथं समोर लावलाय."

मी म्हटलं, गाडी हलली असेल, वारा असेल. बाबूजी म्हणाले, "त्या दिवशी वारा नव्हता," आणि उठून वहिनींना हात जोडून निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा मुनीम आला आणि अनेक वर्षांची थकलेली प्रकरणं मिटवायची आहेत म्हणाला. ज्या नोटिसांना त्यांच्या वकिलांनी कधी उत्तर दिलं नव्हतं त्या सगळ्यांचा भरणा झाला. तू जे सगळं आयुष्य घालून करू शकला नाहीस ते असं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला हुडहुडी भरली.

आणि वळणावर ट्रक थांबायचे थांबले नाहीत. हे मला टेकामनं फोन करून सांगितलं. गाडी माझ्या खिडकीसमोर विटांवर, आणि तिकडे त्याच्या टपरीशी रांग. त्यानं ड्रायव्हरांना विचारलं, कायले थांबून राह्यले बाप्पा? तर म्हणाले, गाडी उभी हाय ना. एक म्हणाला, लाल पाटी दिसते. दुसरा म्हणाला, कोट दिसते. दाराचा आवाज काही येत नाही, म्हणून अंधार पडला की ते माघारी वळतात आणि नवं बिल करूनच पुढे जातात. टेकामला स्वतःला काही दिसत नाही. पण तो सांज झाली की त्या दिशेला पाठ करून भांडी घासतो.

मी गेलो होतो, मिलिंद. एकदा उजेडात. धुरा होता, बाभूळ होती. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकमधून उडालेला कापूस तिच्या काट्यांना चिकटला होता. गाडीच्या चाकांनी दाबलेलं गवत अजून उठलेलं नव्हतं. एवढ्या दिवसांत गवत उठायला हवं होतं, मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, मला कळतं. दिसलं काही नाही. बाकी रस्त्यावर थंडी नव्हती, तिथं होती. मी तुला काहीतरी बोलणार होतो, पण आपण कधी प्रेमानं बोललोच नाही, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते सुचेना. मी परत आलो.

मग यवतमाळहून मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे आपल्या सध्याच्या वरिष्ठ, तू त्यांना एकदाच भेटलास. माझा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता. या वेळी मला खात्री होती. एक माणूस कामावर मेला होता. बैल गेला नि झोपा केला असं होणार, पण निदान झोपा तरी होईल, असं वाटलं होतं.

"राऊत, तुमचा तो रस्ता तर उलट सुधारलाय," मॅडम म्हणाल्या. "वसुली वाढली आहे. गाडी नाही, माणूस नाही, तरी. मग मी वर काय म्हणून मागू? ज्या जिल्ह्यात वसुलीला खड्डा पडलाय तिथं माणसं जातील."

मी म्हटलं, मॅडम, ती वसुली मिलिंदची आहे.

"ते गेले ना?"

"हो."

"मग त्यांची पद्धत तुम्ही चालू ठेवा. एकटेच बसायचे ना ते? दुसरी एखादी जुनी गाडी बघा. आठवड्यातून दोनदा तुम्ही बसा."

फोन ठेवला आणि मी खिडकीतून तुझ्या गाडीकडे पाहिलं. मला तुझा राग आला. गेल्यावरही तू माझं ऐकेनास. मी वर्षानुवर्षं सांगत होतो की मेलेल्या गाडीनं काम केलं तर जिवंत कुणी देणार नाही, आणि आता तू मेलेल्या माणसानंही काम होतं हे दाखवून दिलंस. उद्या मी बसेन. मी बसायला भीत नाही, मला भीती वेगळीच आहे. माझ्यानंतर जो येईल तोही एकटाच बसेल. त्याच्या दारावरही कुणी वेळेत टकटक करणार नाही. बाबूजींसारखे लोक भुताला भितात तोवर भरतील, आणि भीती किती दिवस पुरते? एखाद्या सांजेला कुणी दारू पिऊन त्या वळणावरून गाडी दामटेल, काही होणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेच दामटतील. तेव्हा अडवायला कोण असेल?

तू थांबावंस असं मला वाटत होतं आणि जावंसही वाटत होतं. हे लिहितोय तर लिहूनच टाकतो. खिडकीसमोर ती काच आतून धुरकट दिसली की मला एकटं वाटत नसे.

मॅडम तपासणीला वणीला आल्या. दिवसभर फायली झाल्या. निघताना मी म्हटलं, मॅडम, मुकुटबन रस्त्यानं जरा चला, एक दाखवायचं आहे. त्या नको म्हणणार होत्या. पण मी आजवर त्यांच्याकडे प्रस्तावाशिवाय काही मागितलं नव्हतं, म्हणून त्या आल्या.

सूर्य बुडायला आला होता. हरभऱ्याच्या शेतावर धुकं उतरत होतं. टेकामच्या टपरीशी ट्रकची रांग होती, सगळी भरलेली, ताडपत्र्या ताणलेल्या. मॅडमनी गाडी थांबवायला लावली.

"हे का थांबलेत?"

टेकाम हात पुसत पुढे आला. "साहेब बसले हायत म्हन्तात जी तिकडं. मिलिंद साहेब."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चला. आम्ही दोघं पायी वळणापर्यंत गेलो. टेकाम आला नाही. धुरा, बाभूळ, दबलेलं गवत. रस्त्यावर कुणी नाही. मागे इतके ट्रक उभे, आणि एकाचंही इंजिन चालू नाही, इतकी शांतता. मॅडमनी शाल घट्ट ओढली.

"इथं तर कुणीच नाही," त्या म्हणाल्या, पण हळू आवाजात.

"नाही मॅडम. आपल्या खात्याचं इथं कुणीच नाही."

मग मी गवताकडे तोंड केलं. मला लाज वाटली नाही, वरिष्ठांसमोर वाटायला हवी होती. मी म्हटलं, "मिलिंद, लय झालं न बे आता. उतर. तुही ड्युटी संपली. तू बसून रायशीन तोवरी इथं दुसरा कोनी येनार नाई. जा घरी. वहिनी वाट पाह्यते."

काही झालं नाही. बाभळीवरचा कापूससुद्धा हलला नाही. मी आणखी एकदा म्हटलं, "उतर लेका."

धप्प.

मग थोडा वेळ गेला. आणि पुन्हा, जोरात, धप्प.

मॅडमनी माझा हात धरला. "कसला आवाज आला?"

तेवढ्यात टेकामच्या टपरीशी पहिलं इंजिन सुरू झालं. ट्रकवाल्यांनी तो आवाज ओळखला होता. दुसरं इंजिन सुरू झालं, तिसरं झालं. दिवे लागले. पहिला ट्रक वळणावर आला आणि आमच्या समोरून गेला. त्याच्या मागे दुसरा. ताडपत्रीखाली गाठी, चाकं भारानं दबलेली, आणि ड्रायव्हर आमच्याकडे न बघता सरळ चाललेले. इतके दिवस अडलेलं सगळं वाहून चाललं होतं. आमच्या अंगावर धूळ आणि कापसाची तुसं उडत होती. मी मोजत नव्हतो. मॅडम मोजत असाव्यात, त्यांचे ओठ हलत होते.

"राऊत, थांबवा ना त्यांना," त्या म्हणाल्या.

"कोण थांबवणार, मॅडम? एकट्यानं ट्रक अडवायचा नसतो. पथक लागतं."

शेवटच्या ट्रकचे लाल दिवे धुक्यात गेले तोवर आम्ही तिथंच उभे होतो. वणीला मी उतरताना त्यांनी माझा प्रस्ताव मागून घेतला आणि विचारलं, "पूर्ण पथकात नेमकी किती माणसं लागतात?" मी सांगितलं. त्यांनी गाडीतच बसून सही केली. म्हणाल्या, "हा मी स्वतः घेऊन जाते." निधी येईल की नाही मला माहीत नाही. आडातच नाही म्हणून पोहरा परत पाठवायची वरच्यांची सवय मला काही आजची ठाऊक नाही. पण या वेळी विहिरीत कुणीतरी डोकावून पाहिलं आहे.

तोवर बाबूजींचे ट्रक धावतील, मिलिंद. आजही धावलेच असतील. तुझ्या मायच्या साबणाच्या वडीवर कर लागेल आणि त्यांच्या गाठींवर लागणार नाही. हे मी केलं, जाणूनबुजून केलं, आणि तू असतास तर माझ्याशी महिनाभर बोलला नसतास. आपलं भांडण मी जिंकलो की हरलो ते मला अजून ठरवता येत नाही. तू असतास तर ठरवलं असतंस, आणि वर माझाच चहा प्याला असतास.

आज सकाळी कार्यालयात आलो. गाडीच्या काचेवर बाहेरून दव होतं, आतून काही नव्हतं. आत सीट दिसत होती, फाटलेली, रिकामी. मी बराच वेळ तिथं उभा राहिलो. मग फोन वाजला. वहिनींचा होता.

"राऊत भाऊजी, यांचा कोट सापडला."

"कुठं?"

"दाराच्या मागं, खुटीवर. थे रोज अडकवत होते ना, तिथंच. मी त रोज झाडते तिथं, काल नव्हता. दवानं ओला हाय सारा. बाह्यांले कापूस चिकटला हाय. आता काय करू?"

मी म्हटलं, "अंगणात ऊन आलं असेल वहिनी. वाळत घाला."